डोळा आणि तुरा

पुणतांब्याला चांगदेवांची समाधी आहे. योगबळाने मृत्यूला हुलकावणी देत ते चौदाशे वर्षं जगले, अशी आख्यायिका. पण ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले तर मायनाच सुचेना, म्हणून कागद कोरा पाठवला. तो पाहून मुक्ताबाई जे बोलली त्याचा मथितार्थ एवढाच, की एवढं जगूनही हा कोराच राहिला.

राहाता-कोपरगावच्या कालव्याखालचा ऊस पाहिला की हे चांगदेव आठवतात. ऊस आपण बी पेरून लावत नाही, डोळ्याची टिपरी लावतो. गेल्या वर्षीच्या बेण्यातून यंदाची लागण, यंदाच्या बेण्यातून पुढची. को 86032 ही जात कधीतरी कोइमतूरला एका बियातून उगवलेलं एकच रोप होती. आज शिवारोशिवारी उभी आहे ती त्याच रोपाची काया, डोळ्याडोळ्याने वाटलेली. तिला म्हातारपण नाही, आणि नवं काही शिकणंही नाही.

तसा बारीकसारीक बदल उसातही होतो. पेशी दुभंगताना जनुकांची नक्कल होते आणि नकलेत अधूनमधून चूक राहते. उत्क्रांतीचा सगळा कच्चा माल या चुकांतून येतो. बहुतेक चुका वाया जातात. एखादी उपयोगी पडते, पण ती कुणाच्या नजरेला पडावी लागते. सोलापूरजवळच्या नान्नजचे द्राक्षबागाईतदार नानासाहेब काळे यांना ती नजर होती. थॉमसन सीडलेसच्या वेलींत वेगळी निघालेली लांबट मण्यांची फांदी त्यांनी हेरली, वाढवली, आणि ‘सोनाका’ जन्मली. उसाच्या दाट फडात एखादा वेगळा डोळा असला तरी तो बहुधा गाळपालाच जातो.

माणसाची निवड एकमार्गी असते, हे मला उसाइतकं कुठेच स्पष्ट दिसत नाही. न्यू गिनीत हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी गवताचं गोड कांडं चघळलं, आणि तेव्हापासून माणूस गोडीच निवडत आला. जाड, मऊ, रसदार. आपल्याकडचा जुना पुंड्या ऊस असाच, खायला लोण्यासारखा. पण निवडणं म्हणजे सोडून देणंही असतं. गोडीच्या मागे लागता लागता चिवटपणा हातातून निसटला: पाण्याचा ताण सोसणं, दलदलीत तग धरणं, रोगाशी झगडणं. निसर्गाच्या चाळणीत हे सगळं एकाच वेळी पारखलं जातं. आपण मात्र फक्त रस चाखत बसलो.

सोडून दिलेलं नदीकाठी शिल्लक होतं. पाऊस सरताना पांढरे तुरे डोलवणारा कांस हा उसाचा रानटी भाऊबंद. काडीएवढा बारीक, गोडी बेताची, जनावरंही आवडीने खात नाहीत. 1912 मध्ये कोइमतूरला ऊस पैदास केंद्र निघालं. तिथे बार्बर आणि व्यंकटरामन या शास्त्रज्ञांनी ‘वेल्लाई’ या जाड उसाचा तिथल्याच कांसाशी संकर केला. त्यातून आलेली को 205 ही जात 1918 मध्ये शेतात गेली. पुढे दख्खनच्या कालव्यांवर को 419 आली आणि पुंड्या मागे पडला. आजच्या उसाच्या शंभरावर गुणसूत्रांत साधारण दहा-वीस टक्के कांसाची आहेत. तोडणीनंतर खोडवा जोमाने फुटतो, त्याचं श्रेय जाणकार कांसालाच देतात. बागाईतदाराचा खोडव्याचा नफा म्हणजे बांधावरच्या तणाचं देणं आहे तर!

हे देणं एकदाच घेऊन भागत नाही. ऊस जागच्या जागी थांबतो, त्याचे वैरी थांबत नाहीत. 2002 मध्ये लोकरी मावा ही कीड सांगलीकडे दिसली आणि हां हां म्हणता राज्यभर पसरली. तेव्हा धावून आली डिफा पतंगाची अळी आणि मायक्रोमस हा कीटक. दोघांनी मावा फस्त केला. उसाला स्वतःहून काही नवं काढता आलं नाही, कारण डोळ्यातून डोळा फुटताना जनुकांचे पत्ते पिसले जात नाहीत.

पत्ते पिसायची जागा एकच, तुरा. आणि तुरा शेतकऱ्याला नकोसा! तुरा आला की वाढ थांबते, पांगशा फुटतात, दशी पडते, साखरेचा उतारा घटतो. त्याचंही खरंच आहे. कारखाना वजनावर पैसे देतो, फुलावर नाही. कोइमतूरला मात्र त्याच तुऱ्याची वर्षभर वाट पाहतात. तिथे देशभरच्या नदीकाठांवरून गोळा केलेला कांस आजही जोपासलेला आहे. तुऱ्यांतल्या धुळीएवढ्या बियांतून हजारो रोपं वाढवायची, त्यातली जवळजवळ सगळी मोडीत काढायची आणि उरलेल्यांना दहा-बारा वर्षं तपासायचं, तेव्हा कुठे नव्या जातीचा एक डोळा पुणतांब्याच्या सरीत पडायला मोकळा होतो.