न करण्याचा दोष

नित्यकर्माचं फळ काय? मीमांसेतलं एक जुनं मत म्हणतं, काहीच नाही. संध्या केली म्हणून पदरात काही पडत नाही. चुकवली तर मात्र प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो. आमच्या वाईत प्राज्ञपाठशाळेने केवलानंद सरस्वतींचा मीमांसाकोश सात खंडांत छापला, तरी हा हिशेब इथल्याही पुष्कळांना अन्यायाचा वाटतो.

मी या प्रश्नाचा विचार करतो तो जीपखाली आडवं पडून. जुनी सीजे-३बी आहे. तिच्या पाट्यांच्या शॅकलना रबरी बुश नाहीत; आट्यांच्या बुशात आट्यांचा शॅकल फिरतो, काही आटे उलटे. तिथे, टाय रॉडच्या सांध्यांवर, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर, सगळीकडे ग्रीसचं निपल. दर १,००० मैलांना ग्रीसिंग. निपल आधी फडक्याने पुसायचं, नाहीतर तोंडावरची माती ग्रीसबरोबर आत जाते. गन लावून दाबलं की निपलातली स्प्रिंगवरची गोळी मागे सरते. सांध्याच्या कडेने आधी काळं, कचकचीत ग्रीस निघतं, मग स्वच्छ. तिथे थांबायचं. एवढं करून गाडी जास्त पळत नाही. काल होती तशीच आज असते.

आणि चुकवलं तर? तैत्तिरीय उपनिषदाच्या भाष्यात शंकराचार्य नेमकं इथे अडवतात. न करणं हा अभाव. अभावातून दोष उपजेल कसा? न करणं हे आधीच साचलेल्या पापाचं केवळ लक्षण आहे, असं ते मांडतात.

हे मला पूर्ण पटतं. शॅकलला ग्रीसचा अभाव झिजवत नाही. धूळ, पाणी आणि गाडीचं वजन झिजवतात. ती आधीपासून तिथेच होती, ग्रीसने अडवून धरलेली. भावाभावांतलं बोलणं तुटतं तेव्हा लोक भांडणाचं कारण शोधतात. पुष्कळदा कारण सापडत नाही. येणंजाणं तेवढं थांबलेलं असतं.

पण आचार्यांच्या युक्तिवादाने कर्तव्य मला हलकं झालेलं दिसत नाही. मी काही केलं नाही म्हणजे काही घडलं नाही, ही पळवाटच त्याने बंद होते. नित्यकर्माचं फळ शोधायचं तर जे बिघडलं नाही त्यात शोधावं. म्हणून संध्येत मी काही मागत नाही. ती रोज करतो, कारण झीज रोज चालू असते.