प्रश्नांना घाबरू नका



कॉलेजात जाणारी आपली मुले विचारतात, "येशू मेलेल्यांतून उठला, हे कशावरून?" आपण रागावतो. मीही एकदा एकाला गप्प केले. तो पुन्हा मिस्साला आला नाही.

शंका ऐकून घेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. त्यात श्रोते मध्येच प्रश्न विचारतात, पाद्री उत्तर देतात. संत पेत्रही सांगतो, आपल्या आशेचे कारण सांगा, पण सौम्यतेने (१ पेत्र ३:१५).

तेव्हा मुलांना सांगा: भिऊन पळालेले शिष्य पुढे याच साक्षीसाठी मरणाला सामोरे गेले. श्रद्धेत तडजोड नको, उत्तरात राग नको. आणि बांधावरून भांडलेल्या भावाला आज क्षमा करा. मुले ते उत्तर आधी वाचतात.

प्रभू तुम्हांस आशीर्वाद देवो.

– आपला धर्मगुरू