प्रारब्ध डोळ्यांचे, बटणाचे नव्हे

डोळे गेलेल्या माणसाचे सांत्वन करताना आपल्या तोंडी ‘प्रारब्ध’ फार लवकर येते. हेतू बहुधा वाईट नसतो. पण त्यामागोमाग एक अपेक्षाही येते, की ज्याने अंधत्व भोग म्हणून स्वीकारले त्याने बँकेच्या किंवा परीक्षा मंडळाच्या दारात सोयींसाठी भांडू नये. कर्मसिद्धांत खरा की खोटा, हा वाद बाजूला ठेवू. तो जसाच्या तसा मान्य केला तरी ही अपेक्षा त्यातून निघत नाही. आपली परंपरा प्रारब्धाशेजारी क्रियमाण, म्हणजे आज चालू असलेले कर्मही, मानते. टिळकांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य एकाच प्रकरणात घेतले, ते उगाच नव्हे. काचबिंदूने दृष्टी गेली, ती हवी तर प्रारब्धाच्या खात्यावर टाका. पण ॲप उघडल्यावर स्क्रीन रीडर नुसतेच ‘बटण, बटण, बटण’ म्हणत राहतो, कारण ॲप तयार करणाऱ्याने त्या बटणांना नावेच दिलेली नाहीत. केवायसीसाठी चेहरा चौकटीत आणा, पापण्या मिटा, ही सूचना पडद्यावर फक्त अक्षरांत उमटते. हे कोणाचे पूर्वसंचित? हे कुणीतरी हल्लीच घाईत उरकलेले काम आहे आणि ते दुरुस्त करता येते. त्याबद्दल बोलणारा दैवाशी भांडत नसतो. दुसऱ्याच्या चालू कर्मातली चूक दाखवत असतो.

यावर गुलाबराव महाराजांचे नाव पुढे केले जाईल. १८८१ साली अमरावतीजवळ जन्मलेल्या, तान्हेपणीच दृष्टी गेलेल्या या प्रज्ञाचक्षू संताने जेमतेम चौतीस वर्षांच्या आयुष्यात शंभराहून अधिक ग्रंथ रचले. त्यांनी कुठे सवलती मागितल्या? पण ते ग्रंथ झाले कसे, हेही पाहावे लागेल. कोणी त्यांना पोथ्या वाचून दाखवल्या, कोणी त्यांचे शब्द उतरून घेतले. त्यांची प्रज्ञा अलौकिक मानली तरी कागदावर उतरायला तिला दुसऱ्याचा हात लागलाच. आज परीक्षेला लेखनिक मागणारा विद्यार्थी याहून निराळे काय मागतो? महाराजांभोवती शिष्य होते, त्याच्याभोवती नाहीत. म्हणून त्याला अर्ज करावा लागतो. समाधानी असावे, हा उपदेशही असाच उलटा वापरला जातो. समाधान ज्याने त्याने आपल्या वासनांपुरते साधायचे असते. दुसऱ्याच्या गैरसोयीवर ते लादले की सोय ती गैरसोय झाकणाऱ्याचीच होते.

अधिक गंभीर आक्षेप दयेचा आहे. हक्काची भाषा आली की करुणा आटते, देणारा कोरडेपणाने देतो, असे म्हणतात. त्यात तथ्य आहे. नियमाने मिळणाऱ्या मदतीला मायेचा ओलावा नसतो. पण दया पात्र निवडते आणि पात्रता डोळ्यांनी ठरवते. पूर्ण अंध माणूस तिला पटकन पटतो. ज्याचे दृष्टिक्षेत्र आक्रसत गेले आहे, ज्याच्या हातात पांढरी काठी आहे आणि जो मोबाइल नाकाशी धरून वाचतो, त्याला तीच दया ढोंगी ठरवते. त्याला प्रत्येक खिडकीवर आपले अंधत्व नव्याने सिद्ध करावे लागते, वर देणाऱ्याची मर्जीही राखावी लागते. दयेवर सोडलेल्या गोष्टींचे काय होते, ते सुगम्यतेच्या सरकारी नियमांत दिसले. २००५ साली एका दृष्टिहीन नागरिकाने सुगम्यतेसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सुगम्यता बंधनकारक करतो. त्याखालच्या पंधराव्या नियमाने मात्र तिला निव्वळ शिफारशींच्या पातळीवर आणून ठेवले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच याचिकेवर न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान बंधनकारक निकष तीन महिन्यांत ठरवायला केंद्राला सांगितले. पुढे एप्रिल २०२५ मध्ये, पापण्या मिटण्याच्या त्या केवायसीवरच निकाल देताना, डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग मानला गेला. त्या प्रकरणी न्यायालयात गेलेल्यांत एक दृष्टिहीन वकील होता आणि ॲसिड हल्ल्यात चेहरा, डोळे भाजलेल्या स्त्रियाही होत्या. त्यांनी प्रारब्ध मानले की नाही, हे न्यायालयाला विचारावेही लागले नाही.