आजचं चिंतन: मामेभाऊ असावा तर असा (गीता १.२६-२७)



आजचे श्लोक भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायातले, २६ आणि २७.

प्रसंग आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. शंख वाजून झालेत. अर्जुनाने धनुष्य उचललंय. आणि तो सारथ्याला म्हणतो, रथ दोन्ही सैन्यांच्या मधोमध ने, समोर कोण कोण उभं आहे ते मला बघू दे. बघतो तर काका, आजोबा, गुरू, मामा, भाऊ, मुलं, नातवंडं, सासरे, मित्र. व्यास इथे शस्त्रांची यादी देत नाहीत, नात्यांची देतात.

ही यादी वाचली की मला दरवेळी १९१४ सालचा युरोप आठवतो. तिथेही समोरासमोर आलेले तीन सम्राट एकाच गोतावळ्यातले होते. इंग्रजीत त्यांना ‘कझिन्स’ म्हणून मोकळं होता येतं. आपल्या भाषेत मात्र प्रत्येक नात्याला स्वतःचं नाव आहे, त्यामुळे चित्र स्वच्छ दिसतं.

इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीला नऊ मुलं. थोरली लेक व्हिकी प्रशियाच्या राजघराण्यात दिली. तिचा मुलगा म्हणजे जर्मनीचा कैसर, दुसरा विल्हेल्म. व्हिकीच्या पाठचा भाऊ एडवर्ड. त्याचा मुलगा पाचवा जॉर्ज, ज्याच्या १९११ च्या भेटीची आठवण म्हणून आपल्या मुंबईत गेटवे ऑफ इंडिया उभा आहे. म्हणजे जॉर्ज हा विल्हेल्मचा मामेभाऊ आणि विल्हेल्म हा जॉर्जचा आतेभाऊ. जॉर्जची आई आणि रशियाचा झार दुसरा निकोलस याची आई या डेन्मार्कच्या सख्ख्या बहिणी, म्हणून हे दोघं मावसभाऊ. दिसायलाही इतके सारखे की जुन्या फोटोत कोण कुठला ते पटकन कळत नाही. आणि निकोलसची बायको अलेक्झांड्रा ही व्हिक्टोरियाचीच नात, विल्हेल्मची मावसबहीण. म्हणजे झार हा कैसरचा मेहुणा झाला.

बरं, हे नुसतं कागदावरचं नातं नव्हतं. जानेवारी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा विल्हेल्म जर्मनीहून धावत आला आणि आजीला हाताचा आधार देऊन तिच्याजवळ थांबला. मे १९१३ मध्ये बर्लिनला विल्हेल्मच्या एकुलत्या एक लेकीचं लग्न झालं, त्याला जॉर्ज आणि निकोलस दोघंही हजर होते. पाहुण्या राजाने यजमानाच्या सैन्याचा गणवेश घालायची रीत होती, म्हणून दोघांनी जर्मन गणवेशात फोटोही काढून घेतला. ही तिघांची शेवटची भेट. पुढे सव्वा वर्षात त्यांचे देश एकमेकांशी लढत होते.

झालं काय? २८ जून १९१४ ला सारायेव्होमध्ये ऑस्ट्रियाच्या युवराजाची आणि त्याच्या पत्नीची हत्या झाली. महिन्याभराने, २८ जुलैला, ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध पुकारलं. ऑस्ट्रियाच्या पाठीशी जर्मनी, सर्बियाच्या पाठीशी रशिया. त्या रात्रीनंतर मेहुण्या-मेहुण्यांच्या तारा सुरू झाल्या. १ ऑगस्टपर्यंत दहाएक तारा गेल्या आल्या. भाषा इंग्रजी, खाली सही ‘विली’ आणि ‘निकी’, घरातली लाडाची नावं. मजकूर काय, तर आपल्या जुन्या मैत्रीला स्मरून तू तुझ्या माणसांना आवर.

२९ जुलैला निकोलसने सर्व सैन्याच्या जमवाजमवीला मंजुरी दिली होती. संध्याकाळी विलीची तार आली आणि त्याने तो हुकूम मागे घेतला, फक्त ऑस्ट्रियाच्या दिशेची जमवाजमव ठेवली. त्याच दिवशी त्याने एक सूचनाही केली: हा तंटा हेगच्या लवादाकडे देऊ या. विलीच्या उत्तरात या सूचनेला काही जागाच मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्री साझोनोव्ह यांनी झारला पुन्हा गळ घातली आणि त्याने हुकूम पुन्हा दिला. लष्करप्रमुख यानुश्केविच यांचं तर आधीच बोलून झालं होतं, की एकदा होकार मिळाला की मी माझा टेलिफोन फोडून टाकतो, म्हणजे पुन्हा रद्द करायला कोणी मला गाठू शकणार नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे काहीही नवीन लाइव्ह करताना पहिला प्रश्न असतो, गडबड झाली तर मागे कसं यायचं? रोलबॅक काय? इथे रोलबॅकचं बटणच काढून टाकायची तयारी होती. आणि हे एकट्या रशियाचं नव्हतं. १ ऑगस्टला विल्हेल्मला वाटलं की इंग्लंड बाजूला राहील, तेव्हा तो म्हणाला, मग सगळं सैन्य पूर्वेकडेच वळवू या. सेनापती मोल्टके यांनी सांगितलं, ते आता शक्य नाही. कारण रेल्वेगाड्यांची वेळापत्रकं वर्षानुवर्षं आधी आखलेली होती. त्याच संध्याकाळी जर्मनीने रशियावर युद्ध पुकारलं. ४ ऑगस्टला इंग्लंड उतरलं. चार वर्षांत ९० लाखांच्या आसपास सैनिक मेले. त्यात मेसोपोटेमियात कूटच्या वेढ्यात अडकलेल्या आपल्या मराठा पलटणींतले जवानही होते. विली आणि निकी कोण, हे त्यांना माहीत असायचं काही कारण नव्हतं.

आता एक प्रामाणिक शंका. गीता वाचणारा तरुण लगेच विचारेल, ‘दादा, पण कृष्णानेही शेवटी अर्जुनाला लढायलाच सांगितलं ना? मग फरक काय?’

फरक बघायचा तर एक नातं आठवा. कुंती ही वसुदेवांची बहीण. म्हणजे कृष्ण हा अर्जुनाचा मामेभाऊ. जॉर्ज विल्हेल्मचा जो लागत होता, अगदी तोच कृष्ण अर्जुनाचा लागतो!

आता दोन्ही मामेभावांकडे बघा. २६ जुलैला विल्हेल्मचा धाकटा भाऊ हेन्री लंडनला जॉर्जला भेटला. त्याने घरी कळवलं की इंग्लंड तटस्थ राहायचा प्रयत्न करेल. जॉर्जच्या सांगण्याप्रमाणे तो पुढे असंही म्हणाला होता, की युद्ध पसरलं तर आम्हीही ओढले जाऊ. एकाच बोलण्याच्या दोन आठवणी. विल्हेल्मने हवी तेवढी ऐकली आणि तिच्यावर भिस्त ठेवली. जॉर्जच्या हाती निर्णयही नव्हता, तो मंत्रिमंडळाचा होता. राजाच्या गोड शब्दाने आरमार थांबणार नव्हतं, पण विल्हेल्मला आशा मात्र लागून राहिली.

कृष्ण काय करतो? एक, तो आधी हस्तिनापूरला जातो. भर सभेत, तोंडावर, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलतो. शांततेसाठी पांडव निदान पाच गावांवरही थांबायला तयार असतात. सुईच्या टोकाएवढी जमीनही देणार नाही, असं उत्तर दुर्योधनाकडून येतं. म्हणजे रणांगण हा कृष्णाचा पहिला पर्याय नव्हता, इतर दारं बंद झाल्यावरचा होता. आणि दोन, अर्जुन खचतो तेव्हा कृष्णाचं पहिलं वाक्य लाडाचं नाही. दुसऱ्या अध्यायाची सुरुवात बघा, तो चक्क कान उघाडणी करतो. मग हसून, शांतपणे, अठराव्या अध्यायापर्यंत समजावत राहतो. शेवटी निर्णय मात्र अर्जुनावरच सोडतो.

मला आजच्या श्लोकांतून हे कळतं: नातं असणं म्हणजे भांडण मिटणं नव्हे. नातं ही खरं बोलण्याची परवानगी आहे. परक्याला जे सांगता येत नाही, ते आपल्या माणसाला वेळेवर सांगता येतं. युरोपातल्या भावंडांनी ही परवानगी लग्नांसाठी, गणवेशांसाठी, लाडाच्या नावांसाठी वापरली. खऱ्या प्रश्नासाठी ती आठवली तेव्हा गाड्या सुटायला लागल्या होत्या.

आणि जे नातं फक्त गोडव्यावर उभं असतं, ते अडचणीचं झालं की कसं गळून पडतं तेही बघा. १९१७ मध्ये निकोलसला गादी सोडावी लागली. इंग्लंडने आधी आसरा देऊ केला, मग जॉर्जच्याच आग्रहावरून ते आमंत्रण मागे पडलं. त्याच वर्षी १७ जुलैला जॉर्जने आपल्या घराण्याचं जर्मन नाव टाकून विंडसर हे नाव घेतलं. बरोबर वर्षभराने, १६-१७ जुलै १९१८ च्या रात्री, येकातेरिनबुर्गमध्ये निकोलस, त्याची बायको आणि पाचही मुलं गोळ्यांना बळी पडली.

आपल्याकडे सैन्यं नाहीत. पण आमच्या भावंडांच्या ग्रुपवर रोज सकाळी फुलांचे फोटो येतात, वाढदिवसाला केकच्या इमोजींचा पाऊस पडतो, आणि गावच्या जमिनीचा विषय मात्र कोणी काढत नाही. तुमच्याही ग्रुपवर असा एखादा विषय असेल. आईबाबांना कोण सांभाळणार, आजोळचं घर विकायचं का, कोणाचे पैसे कोणाकडे राहिलेत. ‘आपलेच आहेत, होईल सगळं नीट’ असं म्हणत आपण गुड मॉर्निंग पाठवत राहतो. आणि एक दिवस वकिलाची नोटीस येते. नोटिशीनंतर ‘दादा, आपण लहानपणी किती खेळायचो’ हा मेसेज म्हणजे विलीची तार. मनापासून लिहिलेली, पण उशिराची.

म्हणून आजचा संकल्प छोटासा. एक नातं निवडा. त्यात न बोललेली एक खरी गोष्ट असेल, ती या आठवड्यात समोर बसून, आवाज न चढवता बोला. आणि समोरच्याची पूर्ण ऐका, हवी तेवढीच नाही. दोन्ही बाजू दिसतील अशा जागी रथ नेणं आपल्या हातात आहे. लगाम धरायला तो मामेभाऊ बसलेलाच आहे.

उद्या पुढचा श्लोक, अर्जुनाचे हातपाय गळतात तिथून.

राम कृष्ण हरी.