अडल्याचा भाव

सुलतान बाजारातून भाव न करता काही आणलं असं कुणी सांगितलं, तर आमच्या महिला मंडळातल्या बायका तिच्याकडे जरा दयेनंच बघतात. भाव करता येणं ही इथं बाईच्या शहाणपणाची खूण. मी सोलापूरहून लग्न होऊन इथं आले, तेव्हा सासूबाईंनी मला पहिल्या महिन्यातच बडी चावडीपासून कोठीपर्यंत फिरवून आणलं होतं. मॅचिंगचं कापड कुठं, फॉल-पिको कुठं, बांगड्या कुठं, आणि कुठल्या दुकानात अर्ध्यावरून सुरुवात करायची आणि कुठल्या दुकानात पाव भावावरून, हे सगळं त्यांनी एका दुपारी शिकवलं. विकणारा म्हणायचा, "बोणी का वखत है अम्मा, लेलो." सासूबाई म्हणायच्या, "नक्को, बहुत बोल रै." आणि दोघंही मनातून खूश असायचे.

हा बाजार जुना. पूर्वी इंग्रज रेसिडेंटच्या कोठीभोवतीचा म्हणून याला रेसिडेन्सी बाजार म्हणत. १९३३ साली हा भाग निजामाकडे परत आला आणि त्याचं नाव सुलतान बाजार झालं. जवळच जांबागेत १९०७ पासूनची विवेक वर्धिनी. त्यामुळे आम्हा मराठी बायकांना हा बाजार माहेरच्या अंगणासारखा. इथं मराठीत भाव विचारला तर तेलुगू बोलणारा दुकानदारही हैदराबादी हिंदीत नीट उत्तर देतो.

पण अलीकडे घराघरांत या भाव करण्यावरून वाद होतात. माझी सून भाव करतच नाही. फेरीवाल्यानं सांगितले तेवढे पैसे मोबाइलवरून स्कॅन करून देते आणि निघते. दिवाळी आली की मंडळाच्या ग्रुपवर तोच निरोप फिरतो, की मॉलमध्ये मुकाट्यानं पैसे देता, मग पणत्या विकणाऱ्या गरिबाशी घासाघीस का करता? निरोप वाचून सगळ्या हात जोडल्याचं चित्र टाकतात आणि संध्याकाळी बाजारात जाऊन दहा रुपयांसाठी पंधरा मिनिटं उभ्या राहतात. सून मला म्हणते, "आई, ही चोरीच आहे ना? तुमच्या अणुव्रतात बसतं का हे?"

प्रश्न गमतीनं विचारलेला असला तरी गमतीचा नाही. अचौर्य हे आपलं तिसरं अणुव्रत. जे दिलेलं नाही ते घेणं म्हणजे चोरी, ही त्याची साधी व्याख्या. भाव करून घेतलेली वस्तू तर विकणाऱ्यानं स्वतःच्या हातानं दिलेली असते. मग तिथं चोरी कुठून आली?

मला वाटतं, सगळी घासाघीस एका मापानं मोजून चालणार नाही. बाजारात सांगितलेली पहिली किंमत ही किंमत नसतेच, ती बोलण्याची सुरुवात असते. विकणारा तुमची साडी बघतो, चप्पल बघतो, तुम्ही कुठली भाषा बोलता ते ऐकतो आणि मग आकडा सांगतो. त्याला खाली किती यायचं ते ठाऊक असतं. तिथं जी भाव करते ती त्याला लुबाडत नाही, त्यानं जागा ठेवलेली असते तिथपर्यंतच जाते. उलट जिला बोलता येत नाही, जी गावात नवी आहे, लाजाळू आहे, तिलाच जास्त मोजावे लागतात. म्हणजे भाव न करणं हे नेहमीच पुण्याचं असतं असंही नाही.

याच कारणानं इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात क्वेकर पंथाच्या व्यापाऱ्यांनी एकच भाव सांगायचा असं ठरवलं. हे लोकही आपल्यासारखेच, शस्त्र हाती न धरणारे आणि सचोटीनं व्यापार करणारे. आधी जास्त सांगायचं आणि मग कमी घ्यायचं, हे त्यांना असत्य वाटलं. पहिल्यांदा गिऱ्हाईक तुटलं, पण पुढं त्यांचा लौकिक असा झाला, की लहान पोराला एकटं दुकानात पाठवलं तरी त्याला मोठ्या माणसाच्याच भावात माल मिळतो. पुढं पॅरिसच्या बाँ मार्शे दुकानात आरिस्तीद बुसिको यांनी १८५२ नंतर वस्तूंवर ठरलेली किंमत लावून मोठा धंदा केला. आज आपण पाकिटावरची छापील किंमत बघतो. ती खरं म्हणजे कमाल मर्यादा असते, पण आपण तिलाच भाव समजतो.

तेव्हा एक भाव हा सचोटीचा मार्ग आहे, यात शंका नाही. पण त्यानं प्रश्न मिटतो का? पाऊस धो धो पडत असताना मोबाइलवरून गाडी बोलवा. रोज दीडशेला येणारी तीनशे दाखवते. तिथं कुणी घासाघीस करत नाही, आवाज चढत नाही, किंमत ठरलेलीच असते. पण ती ठरलेली असते तुमच्या अडचणीवर. तुम्ही भिजताय, घरी पोचायचंय, हे त्या यंत्राला कळलेलं असतं. म्हणजे घासाघीस असली-नसली, यावर काही अवलंबून नाही. किंमत कशाची लावली जातेय, वस्तूची की माणसाच्या नाइलाजाची, हे बघायला हवं.

आणि हे आपल्या आचार्यांनी फार पूर्वी पाहून ठेवलंय. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात २७व्या सूत्रात अचौर्यव्रताचे पाच अतिचार आहेत. चोराला चोरीला लावणं, चोरीचा माल घेणं, मापात कमी-जास्त करणं, खऱ्यात खोटं मिसळून विकणं, हे चार कुणालाही पटतात. पाचवा आहे विरुद्धराज्यातिक्रम. लहानपणी पाठशाळेत आम्ही तो नुसता घोकला. त्याचा अर्थ राज्याचे नियम मोडून व्यापार करणं, कर चुकवणं असा सांगतात. पण पूज्यपादस्वामींनी सर्वार्थसिद्धीत आणखी एक गोष्ट सांगितली आहे. जिथं राज्य विस्कटलेलं आहे, तिथं मोलाच्या वस्तू थोडक्या पैशांत मिळतील म्हणून खटपट करणं, हाही त्यातच मोडतो. योग्य न्यायाला सोडून केलेली देवघेव ती हीच. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या ओळींचा अर्थ मला हैदराबादला आल्यावर, सासूबाईंच्या तोंडून कळला.

त्या सांगायच्या १९४८ सालचं. त्या तेव्हा नुकत्याच लग्न होऊन आलेल्या. आजेसासऱ्यांचं बाजारात कापडाचं छोटं दुकान. रझाकारांच्या धास्तीनं उन्हाळ्यापासून लोक सोलापूर, बार्शीकडं जायला लागले होते. जाताना तांब्याची भांडी, शिवणाचं यंत्र, जे नेता येत नाही ते विकून जायचे. मग सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली. १३ तारखेला फौजा आत आल्या आणि १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. त्यानंतर भीती दुसऱ्या घरांत शिरली. मागच्या गल्लीतले एक मुन्शी कुटुंबासह निघाले. त्यांच्याकडं शिसवी कपाट होतं. ते म्हणाले, "शेठ, चाळीस द्या आणि घेऊन जा." चाळीस म्हणजे हाली शिक्क्याचे रुपये. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा तो हिशेब.

आजेसासऱ्यांनी विचारलं, "घेतलं केवढ्याला होतं?" मुन्शी म्हणाले, "एकशेवीस." मग त्यांनी वापराचे तीस वजा करून नव्वद मोजून दिले. दुकानात तेव्हा दिवसाला दोन गिऱ्हाइकं येत नव्हती. आजेसासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. "त्यानं मागितले चाळीस, तुम्ही दिले नव्वद. धर्म करायचा तर मंदिरात करा, कपाटात कशाला?" यावर आजेसासरे म्हणाले म्हणे, "धर्म नाही केला. कपाट विकत घेतलं. चाळीसला घेतलं असतं तर पन्नास त्याच्या भीतीचे झाले असते, ते आपल्या घरात कुठं ठेवणार?" त्याच वर्षात आसपास कुणी कुणी घरंच्या घरं घेतली. सासूबाई नावंसुद्धा सांगायच्या. मी इथं ती घेत नाही.

यावर एक बळकट आक्षेप आहे आणि तो मी अनेकींकडून ऐकलाय. अडलेला माणूस आपणहून येतो. कुणी घेतलंच नाही तर त्याच्या हाती काहीच लागत नाही. चाळीस देणाराही त्याच्यावर उपकारच करतो. मग त्याला चोर म्हणायचं आणि ज्यानं दारच उघडलं नाही तो साव, हा कुठला न्याय?

आक्षेप खोटा नाही. दार न उघडणारा काही मोठा साधू नव्हे. पण एक बघा. अडलेल्यानं वस्तू दिली ती हातानं दिली, मनानं नाही. आपल्या व्याख्येत "दिलेलं" हा शब्द फार महत्त्वाचा आहे. "अडला हरी गाढवाचे पाय धरी" ही म्हण आपण हसून वापरतो, पण पाय धरलेल्या हरीचा "हो" हा खरा हो नसतो. आणि उपकाराचं म्हणाल, तर उपकारात आपलं काहीतरी जातं. ज्या व्यवहारात आपलं काही गेलं नाही, उलट घबाड मिळालं, त्याला उपकार म्हणून दुसऱ्या खात्यावर लिहू नये, एवढंच माझं म्हणणं. तेराव्या शतकात कच्छच्या भद्रेश्वरचे जगडूशहा दुष्काळात धान्याची कोठारं भरलेली असताना हवा तो भाव घेऊ शकले असते. त्यांनी धान्य वाटलं. साडेसातशे वर्षांनंतरही आपण त्यांचं नाव काढतो. त्या दुष्काळात चढ्या भावानं विकणारेही असणारच, पण त्यांचं नाव आज कुणाला ठाऊक आहे?

राज्य विस्कटायला लढाईच लागते असं नाही. सुलतान बाजारातून मेट्रो नेण्याला इथल्या व्यापाऱ्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला. अरुंद रस्त्यात खांब उभे राहताना गिऱ्हाईक आटलं. ७ फेब्रुवारी २०२० ला तो मार्ग सुरू झाला आणि दीड महिन्यात टाळेबंदी आली. त्या काळात दुकानं आणि ठेले सोडणाऱ्यांचा माल कुणी कसा घेतला, हे ज्यानं-त्यानं आठवावं. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. त्यांच्या समितीत चाळीस टक्के जागा फेरीवाल्यांच्या आणि त्यातल्या एकतृतीयांश बायकांच्या असायला हव्यात, असं त्यात लिहिलंय. २०२० च्या जूनपासून त्यांना दहा हजारांचं कर्जही मिळू लागलं. तरी महापालिकेची गाडी येताना दिसली की टोपलीवाली घाईत अर्ध्या भावात देऊन टाकते. तेव्हा हात पुढं करणारी बाई आणि सकाळी निवांत भाव करणारी बाई, या दोघी मला एकसारख्या वाटत नाहीत.

घरातही तेच. कामवालीच्या मुलाची फी भरायची वेळ येते तेव्हाच "पगार वाढवणार नाही, उचल हवी तर घे" असं सांगणं. जावेला दवाखान्यासाठी पाटल्या मोडायच्या असतात तेव्हा "सोनाराकडं कशाला, मीच घेते" म्हणून घट जरा जास्तच धरणं. यात आवाज चढत नाही, कुणाला वाईट दिसत नाही. म्हणून मी स्वतःपुरता एक प्रश्न ठेवला आहे. समोरच्याला आज घाई नसती, तर हाच भाव मी मागितला असता का? उत्तर "हो" असेल तर खुशाल भाव करावा, चांगला मनसोक्त करावा.

हा प्रश्न दहा रुपयांच्या क्लिपेला सोपा जातो. मोठ्या रकमेला काय होतं ते दोन वर्षांपूर्वी पाहिलं. आमच्या नात्यातल्या एका विधवा बाईंना पुतळीबावडीचा फ्लॅट विकायचा होता. दवाखान्याचं देणं डोक्यावर. समाजातले दोन-तीन जण घ्यायला तयार होते आणि सगळे एकमेकांना सांगत होते, "थोडं थांबा, अजून खाली येतील." आमच्या मुलालाही तो फ्लॅट हवा होता. आमच्या घरापासून जवळ, हवेशीर. तो म्हणाला, "आई, हा व्यवहार आहे, दान नाही." मी म्हटलं, "म्हणूनच म्हणते. व्यवहार बरोबरीच्या माणसांत होतो. त्यांना आधी बरोबरीला आणू."

दोन दिवस घरात धुसफूस झाली. शेवटी आम्ही फ्लॅटसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून दवाखान्याचं देणं त्यांना बिनव्याजी दिलं आणि सांगितलं, की आता घाई करू नका, चार ठिकाणी विचारा, आम्हालाही विचारा. चार महिन्यांनी त्यांना चांगली किंमत मिळाली. आम्हाला परवडणार नाही इतकी. फ्लॅट दुसऱ्यानं घेतला, आमचे पैसे त्यांनी पूर्ण परत केले.

मुलगा अजून त्या इमारतीवरून जाताना वर बघतो. "आपला झाला असता," असं म्हणतो. मी काही बोलत नाही. झाला असता, हे खरंच आहे. सून मात्र परवा म्हणाली, "झाला असता हो, पण त्यांना रोज जिन्यात भेटावं लागलं असतं."