सूचिछिद्र आणि उपाधी

अद्वैत वेदान्तात उपाधी म्हणजे असीम वस्तूला मर्यादित भासवणारी अट, आणि तिच्याकडे बहुधा ज्ञानाच्या वाटेतील अडसर म्हणूनच पाहिले जाते. सूचिछिद्र कॅमेरा, म्हणजे भिंगाऐवजी सुईने पाडलेल्या भोकातून चित्र उमटवणारी, आतून काळी रंगवलेली पेटी, या समजाचा फेरविचार करायला लावतो. ज्या कोल्हापुरात बाबुराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा घडवून ‘सैरंध्री’ (१९२०) हा चित्रपट तयार केला, तिथे घरी पेटी बनवणाऱ्यालाही हा विचार परका वाटू नये.

कोल्हापूरच्या रंकाळा तलावातील संध्यामठ या दगडी वास्तूच्या प्रत्येक दगडावरून प्रकाश सर्व दिशांना जातो आणि काठावर धरलेल्या कोऱ्या कागदावरही पोचतो. तरी कागदावर मठ दिसत नाही, कारण असंख्य प्रतिमा तिथे एकमेकींवर पसरलेल्या असतात. छिद्र त्यांत कशाचीही भर घालत नाही. ते बाकीचे किरण अडवते, प्रत्येक बिंदूला कागदावर जवळजवळ एकच जागा नेमून देते, आणि किरण सरळ जात असल्यामुळे मठ उलटा उमटतो. छिद्रापासून कागद १० सेंटिमीटरवर असेल तर सुमारे ०.४ मिलिमीटरचे छिद्र योग्य ठरते. ते मोठे केले तर चित्र अस्पष्ट होते, फारच बारीक केले तर विवर्तनामुळे, म्हणजे कडेशी प्रकाश वळल्यामुळे, पुन्हा पुसट होते. मर्यादेलाही मर्यादा असते, हे येथे प्रत्यक्ष पाहता येते.

आता हे उपाधीला लावून पाहू. जीव हे ब्रह्माचे प्रतिबिंब आहे असे अद्वैतातील विवरण संप्रदाय मानतो, तर वाचस्पती मिश्रांच्या नावाशी जोडलेला अवच्छेदवाद जीवाला उपाधीने सीमित झालेले ब्रह्मच म्हणतो. पेटीत आरसा नाही, परावर्तन नाही. बाहेरचाच प्रकाश सीमित होऊन आत येतो, म्हणून हा दृष्टान्त दुसऱ्या मताला अधिक जवळचा आहे. मात्र येथे सीमा वस्तूला झाकत नाही, तीच तिला दृश्य करते, आणि परंपरेने या बाजूकडे द्यावे तितके लक्ष दिलेले नाही.

कोल्हापूरच्याच अंबाबाई मंदिरातील किरणोत्सवात प्रतिमा उमटत नाही, पण किरणांची निवड तशीच घडते: परंपरेने ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीचे किरण महाद्वारातून, गरुडमंडपातून गाभाऱ्यात शिरतात आणि पश्चिमाभिमुख मूर्तीच्या चरणांपासून मुखाकडे चढतात. मंदिराच्या भिंती प्रकाश निवडतात, तर वाटेत नंतर उभी राहिलेली बांधकामे तो केवळ अडवतात. पहिली उपाधी दर्शन घडवते, दुसरी ते हिरावते. हा भेद ज्याला पटतो, त्याने किरणांचा मार्ग मोकळा राखण्याचा आग्रह धरलाच पाहिजे.