उचल आणि बोली

सूरह अल-माइदाच्या दुसऱ्या आयतीत अल्लाहने सत्कर्मात परस्परांना साहाय्य करण्याची आज्ञा दिली आहे आणि पापात व अत्याचारात साथ देण्यास मनाई केली आहे. बंधू-भगिनींनो, ही मनाई लिलावाच्या ओट्यावरही लागू आहे.

दसऱ्याच्या सुमारास लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनचे ढीग लागले, की मला एक छोटा खरेदीदार आठवतो. तो दुसऱ्या गावी व्यापार करतो. नमाजचा पाबंद आहे. तो म्हणाला, "मौलाना, मालाची किंमत जास्त आहे हे मला दिसत होते. पण ज्यांच्याकडून हंगामासाठी रक्कम उचलली, तेच शेजारी उभे. त्यांच्यावर बोली कशी चढवू?"

तेथे कोणी बैठक घेतली नव्हती. कर्जानेच संगनमत घडवले होते. दहा खरेदीदारांचे भांडवल एकाच तिजोरीतून येत असेल, तर बोलीही एकाचीच असते. शिवाय ज्यांना पतपुरवठा मुबलक, त्यांना आजच माल उचलण्याची घाई नसते. एकी टिकवून वाट पाहणे त्यांना परवडते. घाई असते ती बियाण्याची उधारी फेडायला आलेल्या शेतकऱ्याला.

मोबदला घेऊन मालमत्तेची वाटणी करणाऱ्यांनी आपसात भागीदारी करू नये, असे इमाम अबू हनीफा (रह.) यांचे मत होते, कारण मग लोकांना तो मोबदला महाग पडतो. इमाम इब्ने तैमिया (रह.) यांनी 'अल-हिस्बा'मध्ये हाच न्याय संगनमत करून लोकांचा माल स्वस्तात घेणाऱ्या खरेदीदारांना लावला. त्यांचे निधन १३२८ चे. आपल्या देशाचा स्पर्धा कायदा २००२ चा.

आता एक कटू गोष्ट. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत सोयाबीन गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते, सहा महिन्यांसाठी, ६ टक्के व्याजाने. व्याज आहे म्हणून आपण दूर राहतो, ते योग्यच. पण मग आडत्याची उचल घेऊन त्यालाच पडत्या भावाने माल घालतो. कर्जाच्या अटीवर मिळवलेला लाभ हेही व्याजच, हे फिक्हचे सर्वपरिचित तत्त्व येथे का विसरतो?

त्या खरेदीदाराला मी "बोली लाव" असे सांगू शकलो नाही. त्याचे देणे मी फेडणार नव्हतो. सूरह अत-तौबाच्या साठाव्या आयतीत जकातीच्या हक्कदारांमध्ये कर्जबाजारीही आहेत. आपल्या मोहल्ल्याच्या जकातीतून गेल्या वर्षी किती कर्जदार मोकळे झाले, हे मस्जिद समितीने रमजानपूर्वी जमातीसमोर मांडावे.